बुडख्यावरची डहाळी

तोडलेल्या झाडाच्या बुडख्यासमोर तुम्ही शेवटचं कधी थांबलात? बसायला नव्हे, पिशवी टेकवायला नव्हे, चपलेतला खडा काढायला तर नव्हेच. नुसतं त्याच्याकडे बघायला? थांबला नसाल. मीही थांबत नव्हते. पण माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, असा एकही बुडखा मोकळा सोडत नाहीत. ते थांबतात, वाकतात, खिशातून शिंप्याची टेप काढतात, उंची आणि घेर मोजतात आणि मग त्या बुडख्याकडे असं बघतात, जसं एखादा डॉक्टर उशिरा आणलेल्या पेशंटकडे बघतो. मी पूर्ण जबाबदारीने लिहिते की टाकलेल्या, उरलेल्या, विसरलेल्या वस्तूंवर इतका जीव लावणारा माणूस आशिया खंडात दुसरा सापडणार नाही. इतर खंडांचं मी अजून पाहिलेलं नाही, पण मला आशा कमीच आहे.

आतोबा लाकडाचे शास्त्रज्ञ. तीस वर्षं जपानात काढली, त्यातली बहुतेक राजधानीतल्या निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीतल्या एका सातव्या मजल्यावरच्या घरात. त्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर, जिथे इतरांकडे कुटुंबाचा फोटो असतो, तिथे आतोबांनी वॉर्ड ऑफिसचं कचरा-वर्गीकरणाचं पत्रक फ्रेम करून लावलेलं होतं. जळणारा कचरा मंगळवारी, बाटल्या गुरुवारी, न जळणारा महिन्यातून दोनदा. नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की आत्या डबा घेऊन जायची आणि आतोबा हे पत्रक समजावायला जायचे. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी बोलता बोलता टेबलावरच्या रिकाम्या बाटलीचं वेष्टन सोलून, झाकण वेगळं करून ठेवायचे. दोडक्याच्या शिरांची चटणी आपल्याकडे सगळेच करतात. आतोबा मुळ्याच्या पाल्यापासून कलिंगडाच्या पांढऱ्या गरापर्यंत सगळ्याचं काहीतरी करायला लावायचे आणि ते झालं की स्वतः सगळ्यात आधी खायचे, हे मात्र मान्य करायला हवं. आत्या म्हणायची, "लग्नात होम चालू असताना ह्यांनी भटजींना विचारलं होतं, उरलेल्या समिधांचं तुम्ही काय करता. तेव्हाच मी उठायला हवं होतं."

पण हा सगळा वरवरचा मामला. खरं प्रेम बुडख्यांवर. घराच्या बाल्कनीत त्यांनी देशभरच्या बुडख्यांच्या चकत्या वाळत घातल्या होत्या. इथे बाल्कनी म्हणजे आग लागली तर शेजारच्या घरात निसटायची वाट, तिथे काही ठेवायचं नसतं. इमारतीच्या व्यवस्थापकांनी अतिशय नम्र अशी चिठ्ठी पाठवली. आतोबांनी त्याहून नम्र असं तीन पानी उत्तर पाठवलं, ज्यात प्रत्येक चकतीचं वय आणि गाव दिलेलं होतं. व्यवस्थापकांनी ते वाचलं, हे विशेष. ते वर आले, चकत्या पाहिल्या, एकीवर हात फिरवला, आणि हे सगळं आठवड्यात हलवा असं म्हणून वाकून निघून गेले. तेव्हापासून चकत्या घरात आल्या. मी रविवारी माझ्या ओजिमाच्या खोलीवरून जेवायला जायचे तेव्हा मला बसायला जी मिळायची ती एकशेदहा वर्षांची होती आणि तिच्यावर ओलं भांडं ठेवायला बंदी होती.

एकदा आत्याने हट्टाने त्यांना चेरीचा बहर बघायला नेलं. नदीकाठी शेकडो झाडं फुललेली, सगळी माणसं मान वर करून उभी. आतोबा मान खाली घालून. त्या अख्ख्या ओळीत एकच झाड कापलेलं होतं, ते त्यांनी पाच मिनिटांत शोधून काढलं.

आता त्यांचं म्हणणं काय ते सांगते, कारण ते मला पटलेलं आहे आणि तुम्हालाही पटावं अशी माझी इच्छा आहे. जपानच्या डोंगरांवर युद्धानंतर सुगीची लाखो झाडं ओळीने लावली गेली. सुगी हा इथला उंच, सरळसोट, सुईसारख्या पानांचा वृक्ष. आपल्या सुगीशी त्याचा संबंध नाही. ही झाडं आता तोडायला आली आहेत. डोंगरांच्या पलीकडे, पश्चिमेच्या समुद्राकडच्या बाजूला, जिथे छपरापर्यंत बर्फ साचतो, तिथे कोवळं झाड हिवाळ्यात बर्फाखाली आडवं होतं आणि वसंतात पुन्हा उठतं. दर वर्षी आडवं, दर वर्षी उभं. असं करत ते मोठं होतं तेव्हा वर खोड सरळ असतं, पण बूड हॉकीच्या काठीसारखं वाकलेलं राहतं. गिरणीला सरळ लाकूड हवं. म्हणून तोडणारे वाकाच्या वर करवत चालवतात आणि कमरेएवढा बुडखा डोंगरात तसाच सोडतात. झाडाचा सगळ्यात जाड, सगळ्यात दाट, सगळ्यात जास्त झुंजलेला भाग. आतोबांच्या भाषेत, साठ वर्षांचं साठवलेलं ऊन. आणि ते का सोडायचं, तर ते वाकडं आहे म्हणून. मी घरी येणाऱ्या चळवळीच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवत मोठी झाले आहे; असं काही ऐकलं की माझं रक्त तापतं.

गंमत अशी की सुगीला आतोबांची कदर नव्हती. फेब्रुवारीत तिचे पिवळे पराग सुटले की अर्धा जपान शिंकतो, पण आतोबा एकटेच उरलेल्या अर्ध्याच्या वाटणीचं शिंकायचे. मास्क, पोहण्याचा चष्मा, त्यावर माकडटोपी अशा थाटात ते सुगीची बाजू मांडायचे. "तिचा दोष नाही," एकदा सलग अकरा शिंका देऊन ते मला म्हणाले, "इतक्या ओळीने लावल्यावर कुणीही वैतागेल."

निशी-कसाईच्या दिवाळी कार्यक्रमात त्यांना 'जपानमधले माझे अनुभव' यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्यांनी एकाच बुडख्याचे चौदा बाजूंनी काढलेले फोटो दाखवले. सातव्या फोटोला आत्याने उठून चिवड्याची पाकिटं वाटायला घेतली, तर मागोमाग आतोबांनी माझ्याकडून मराठीत लिहून घेतलेलं पत्रक वाटलं. शीर्षक माझंच होतं: 'वाकड्याला वाळीत टाकणाऱ्यांनो, जागे व्हा'. बँकेतले आणि आयटीतले लोक ते घडी घालून खिशात ठेवत होते. त्यातल्या एकाने नंतर विचारलं की हे नक्की कोणत्या पक्षाचं आहे.

तर अशा माणसाला निवृत्तीच्या शेवटच्या वर्षी एक खरंखुरं काम मिळालं. डोंगरातल्या एका लहानशा गावात कोमट पाण्याचा झरा होता आणि त्यावर गावाचं स्नानगृह. पाणी तापवायला लाकडाचा बॉयलर. गाव म्हाताऱ्यांचं, संध्याकाळी सगळे तिथे यायचे, कुणी आलं नाही तर दुसरा त्याच्या दारावर जाऊन बघायचा. लाकूड मात्र तीन खोरी ओलांडून ट्रकने यायचं, आणि त्या वर्षीपासून तो ट्रक बंद होणार होता. गावच्या कचेरीने सांगून टाकलं की पहिला बर्फ पडायच्या आत जवळच्या लाकडाची सोय झाली तर ठीक, नाहीतर कुलूप. सभोवती डोंगरच्या डोंगर बुडख्यांनी भरलेले, आणि लाकूड नाही म्हणून कुलूप. आतोबांनी ही बातमी ऐकली तेव्हा ते जेवत होते. ते ताटावरून उठले. ताटात काही टाकून ते उठल्याचं आत्याने आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

सगळं अवलंबून होतं ते तोडणाऱ्यांच्या मुकादमावर. त्याला सगळे ओयाकाता म्हणत, म्हणजे टोळीचा बापमाणूस. सत्तरी ओलांडलेला, चार माणसांची टोळी, बोलणं करवतीपेक्षा कमी. आतोबांची योजना साधी होती: झाड नेहमीसारखं वरून पाडा, ते आडवं झालं की बुडख्याला जमिनीलगत दुसरा काप द्या, वाकडा तुकडा स्नानगृहाला द्या. मुळांना हात लावायचा नाही, कारण उतारावरची माती त्यांनीच धरलेली असते. ओयाकाता दोन महिने 'बघू' म्हणत होता. शेवटी म्हणाला, नोव्हेंबरातल्या अमुक सोमवारी या, एक उतार करून पाहू. आतोबांनी आनंदाच्या भरात आदल्या दिवशीच जायचं ठरवलं, म्हणजे टोळी यायच्या आत सगळे बुडखे मोजून तयार. मदतीला मी.

रविवारी डोंगरावर कुणी नव्हतं. नुकताच तोडलेला उतार, एकेचाळीस बुडखे, आणि प्रत्येकाच्या डोक्यात खोचलेली एकेक हिरवी डहाळी. आतोबा थबकले. मग हळहळले. त्यांना वाटलं, तोडताना पडलेला पाला अडकून राहिला आहे. टेप लावायलाही तो आडवा येत होता. आता दुसऱ्या कुणी तो बाजूला फेकला असता, पण तीस वर्षं निशी-कसाईत कचरा वेगळा केलेला माणूस तो. त्यांनी एकेक डहाळी अलगद काढली, काट्यावर वजन केलं, बुडख्यावर खडूने नंबर घातला, तोच नंबर चिठ्ठीवर लिहून डहाळीला दोऱ्याने बांधला आणि डहाळी पारदर्शक पिशवीत ठेवली. "यातही ऊन आहे," ते म्हणाले. वहीत प्रत्येक बुडख्याचं चित्र काढलं. संध्याकाळपर्यंत तीन पिशव्या भरल्या आणि तो उतार तपासणीच्या दिवशीच्या शाळेसारखा स्वच्छ झाला. मी अभिमानाने फोटो काढला.

सोमवारी सकाळी टोळी आली तेव्हा आतोबा दोन्ही हातांनी पिशव्या पुढे धरून वाकून उभे. तुमचा डोंगर आम्ही साफ करून ठेवला आहे, असं त्यांनी अत्यंत आदराच्या जपानीत सांगितलं. ओयाकाताने पिशवीत पाहिलं. उताराकडे पाहिलं. हेल्मेट काढलं, परत घातलं, आपल्या माणसांना हाक मारली आणि सगळे खाली निघून गेले. कुणी रागावलं नाही, कुणी ओरडलं नाही. आतोबा पिशव्या धरून तसेच उभे होते.

दिवसभर कुणी आमच्याशी बोललं नाही. मी मुक्कामाच्या सराईत बसून नव्या पत्रकाचा मसुदा लिहायला घेतला, त्यात 'हटवादी' हा शब्द तीनदा आला होता. संध्याकाळी आम्ही स्नानगृहात गेलो. पुरुषांचा आणि बायकांचा भाग वेगळा, पण मधली भिंत छतापर्यंत जात नाही, त्यामुळे गावातले संसार तिच्यावरूनच चालतात. मी पाण्यात उतरले तर शेजारी ओयाकाताची बायको. तिने मला नीट न्याहाळलं आणि भिंतीवरून आवाज दिला, "अहो, त्या पाहुण्या सेन्सेईंना काय चुकलं ते सांगा तरी. भिंतीकडे बघत बसू नका."

पलीकडून आवाज आला, "भिंत बरी. ती काही गोळा करत नाही."

इकडच्या बायका तोंडावर टॉवेल धरून हसल्या. मग आतोबांचा आवाज आला, अगदी हळू. चूक माझी आहे, ओयाकाता-सान, कोणती तेवढं सांगा.

मग ओयाकाता बोलला, आणि मी त्याला सलग इतकं बोलताना पुन्हा कधी ऐकलं नाही. "झाडाचा शेंडा आणि बूड डोंगराचं. मधलं तेवढं आपलं. पाडलं की शेंड्याची डहाळी बुडख्यात खोचायची, म्हणजे डोंगराला कळतं की आम्ही मागून नेलं, चोरून नाही. माझ्या वडिलांनी एकही बुडखा उघडा ठेवला नाही. मीही नाही. तुम्ही एका दिवसात एकेचाळीस उघडे केलेत."

मला त्या गरम पाण्यात माझा मसुदा आठवला. पलीकडून आतोबा म्हणाले, "एकेचाळीसच्या एकेचाळीस माझ्याकडे आहेत. नंबरासकट."

सगळ्यात आधी हसली ती ओयाकाताची बायको. "नंबरासकट म्हणे," असं म्हणत तिने पाण्यावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही उतारावर होतो. गवतावर दहिवर गोठलेलं. आतोबा एकेका बुडख्यापाशी जायचे, वही उघडायचे, खडूचा नंबर बघायचे, पिशवीतून त्याच नंबराची डहाळी काढायचे, चिठ्ठी सोडवायचे, डहाळी मूळच्या खाचेत खोचायचे, आणि गुडघे टेकून वाकायचे. एकेचाळीस वेळा. त्यांचे गुडघे तेव्हाच जाऊ लागले होते. मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाले, काढल्या मी, लावीनही मीच. वीसएक झाल्यावर मला दिसलं की ओयाकाता वरच्या वाटेवर उभा आहे. तो खाली आला आणि नवव्या बुडख्यापाशी थांबला. याची हीच कशावरून, असं त्याने विचारलं. आतोबांनी वही पुढे केली. पानावर नववा बुडखा होता, त्याच्या वाकासकट, सालीच्या भेगेसकट, आणि शेजारी त्याची डहाळी. ओयाकाताने चित्रातल्या वाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला की हे झाड त्याने शाळेत असताना वडिलांबरोबर लावलं होतं; पहिले कितीतरी हिवाळे ते दोघं बर्फ वितळला की दोरीने त्याला उभं करायला यायचे.

"किती हवं तुम्हाला?" त्याने विचारलं.

तीस वर्षं आतोबा एकच उत्तर देत आले होते: जमिनीलगत, बोटभरही सोडायचं नाही. ते मी तोंडपाठ केलेलं होतं, छापलेलं होतं. त्या सकाळी आतोबांनी अंगठा जमिनीवर टेकला, पंजा वर ताणला आणि म्हणाले, "ही वीत डोंगराची. वरचं स्नानगृहाचं."

ओयाकाताने त्यांच्या हाताकडे पाहिलं. "तुमचा हात लहान आहे. माझी वीत धरा."

मग त्याने नवव्या बुडख्यातली डहाळी काढली, माझ्या हातात दिली, चिखलात गुडघे टेकले आणि करवत सुरू केली. वाकडा तुकडा सुटून पडला. उरलेल्या वीतभर बुडख्यावर त्याने डहाळी पुन्हा खोचली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सेन्सेई सांगतात ती पत्रकं लिहिणारी मुलगी हीच का? या, टेका गुडघे." त्याने मला हातकरवत दिली. मी दहावा बुडखा कापायला घेतला आणि पाव भागापर्यंत पोचेतो माझी कंबर, गुडघे आणि मसुदा, तिन्ही मोडले. कमरेएवढं उंच का कापतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. उतारावर दिवसभर उभं राहून कापणाऱ्याचंही एक शरीर असतं.

त्या आठवड्यात वाकडे तुकडे दोरीने खाली उतरले, फोडले गेले, बॉयलरच्या उबेत वाळवायला रचले गेले. हिवाळाभर स्नानगृह चालू राहिलं. बर्फ छपराशी आला असताना मी एकदा गेले होते. पाण्यात बसले, आणि खरं सांगते, साठ वर्षांचं ऊन अंगाला लागत होतं. भिंतीवरून ओयाकाताच्या बायकोने मोठ्याने विचारलं की आज कोणता नंबर जळतोय.

आतोबा आता आत्यासह तळेगावला असतात. तिथे सुगी नाही, शिंका बंद झाल्या. त्यांना त्याचं वाईट वाटतं. सोसायटीच्या फाटकाशी एक झाड पार्किंगसाठी कापलेलं, बुडखा कमरेएवढा. आतोबा रोज सकाळी त्याच्यात एक हिरवी डहाळी खोचतात. आठवड्यात कुणीतरी शेजारी फूल ठेवलं, पंधरवड्यात हळदकुंकू आलं, आणि आता सेक्रेटरीला तो बुडखा उपटायची हिंमत होत नाही. आत्या म्हणते, जन्मभर विज्ञान केलं आणि म्हातारपणी देऊळ काढलं. मला मात्र फोनवर ते एकच विचारतात: गावाकडे गेली होतीस का, आणि ओयाकाता अजून स्वतः गुडघे टेकतो का. मी हो म्हणते. गेल्या शरदात तो फक्त दाखवायला आला होता, कापलं दुसऱ्यांनी. पण उंची मोजायला त्याने स्वतःचाच हात लावला, आणि तो आता थरथरतो, हे मी आतोबांना सांगितलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे, आणि ते वाचून पान उलटू नका. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या सोसायटीत, तुमच्या शाळेमागे एखादा बुडखा असेलच. आज त्याच्यापाशी थांबा. कापणारा भेटला तर त्याने इतकं उंच का कापलं ते त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मग खाली वाका, अंगठा जमिनीवर टेकून पंजा वर ताणा, वीतभर सोडून वर किती उरलं ते पाहा. आणि उठण्यापूर्वी त्याच्यावर एक हिरवी डहाळी ठेवा.